फक्त इमारत नको, माणसेही मंजूर करा: वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांना नागपुरातून खुले पत्र

माननीय वैद्यकीय शिक्षणमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार. नागपुरात होऊ घातलेल्या सरकारी कॅन्सर रुग्णालयाबद्दल हे पत्र लिहिते आहे.

मी हनुमाननगरात राहते. माझा मोठा भाऊ गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा तालुक्यातला धानाचा शेतकरी. गालाच्या आतली जखम भरेना म्हणून तो माझ्याकडे आला, तेव्हा त्याच्या तोंडात दोन बोटेही धड जात नव्हती. वीस वर्षांचा खर्रा. पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घेऊन तळव्यावर घोटायचा, अर्धा आपण खायचा, अर्धा बांधावरच्या सोबत्याला द्यायचा. 2012 पासून राज्यात गुटखाबंदी आहे, पण खर्रा आमच्याकडे आजही चौकाचौकात मिळतो.

तपासणीसाठी तुकडा एका ठिकाणी काढला. स्कॅन दुसरीकडे झाला, ऑपरेशन तिसरीकडे आणि शेक चौथीकडे (किरणोपचाराला साधी माणसे शेकच म्हणतात). प्रत्येक ठिकाणी नवी चिठ्ठी, नवी रांग आणि पहिल्यापासून तीच कहाणी. तुकडा काढल्यापासून ऑपरेशनपर्यंत 71 दिवस गेले. दर आठवड्याला मी त्याचा गाल बघत होते, आणि जखम माझ्या डोळ्यांदेखत वाढत होती.

पुढे 33 शेक ठरले. सोमवार ते शुक्रवार, रोज एक. अकरावा झाला आणि मशीन बंद पडले. "सोमवारी या," म्हणाले. तो सोमवार नऊ दिवसांनी उगवला. शेकात असा खंड पडला की कॅन्सरच्या उरलेल्या पेशी पुन्हा वाढायला लागतात, हे मला तिथल्याच एका तरुण डॉक्टरने समजावून सांगितले. सांगताना त्याला माझ्याकडे बघवत नव्हते. त्या रुग्णालयाचे नाव मी लिहीत नाही. तिथल्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी हाताशी होते तेवढ्यात जीव ओतला. कमी पडली ती व्यवस्था.

नागपुरात काहीच नाही, असे मी म्हणणार नाही. तुकडोजी चौकातले राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय अनेक दशके विदर्भाचा भार वाहते आहे. जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था उभी राहिली. मिहानमधल्या एम्सचे 2022 मध्ये औपचारिक उद्घाटन झाले. पण 2011 च्या जनगणनेतच या शहरात 24 लाख माणसे होती, आणि तेव्हापासून बेसा, बेलतरोडी, हिंगणा, वर्धा रोड, सगळीकडे वस्ती पसरली आहे. वर गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, यवतमाळ आणि सीमेपलीकडचे बालाघाट, शिवनी, छिंदवाडा. हे सगळे नागपूरलाच येतात. इथे जमले नाही की एकच वाक्य ऐकू येते, "टाटाले न्या." मुंबईचे टाटा रुग्णालय 1941 पासून देशाचा आधार आहे, पण ते आठशे किलोमीटरहून लांब आहे. धान कापणीला आलेले असताना माणूस परळला दोन महिने कसा राहणार?

म्हणून सर्वंकष कर्करोग केंद्र हवे, आणि ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या (नागपुरात त्याला नुसते मेडिकल म्हणतात) छत्राखाली हवे. तिथे नुसते रुग्ण बरे होत नाहीत, तिथे डॉक्टर घडतात. आज एमडी रेडिएशन ऑन्कॉलॉजीच्या जागा वाढल्या, तर काही वर्षांनी चंद्रपूरला आणि गडचिरोलीला शेक देणारा डॉक्टर मिळेल. मेडिकलच्या आवारातच शासकीय दंत महाविद्यालय आहे. तोंडातला पांढरा चट्टा, न उघडणारा जबडा पहिल्यांदा दिसतो तो दातांच्या डॉक्टरलाच. त्या खुर्चीवरून उठलेला माणूस त्याच दिवशी शेजारच्या इमारतीत तपासला गेला, तर माझ्या भावासारखे कितीतरी जण पहिल्या टप्प्यातच सापडतील.

नागपूरच्या सरकारी कॅन्सर रुग्णालयाच्या घोषणा आम्ही वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. इमारत होईलही. मला काळजी आहे ती तिच्या आत काय असेल याची. शेक देणाऱ्या कोबाल्टच्या मशीनमधला किरणांचा स्रोत सव्वापाच वर्षांत निम्मा होतो. तेवढाच शेक द्यायला मग दुप्पट वेळ लागतो आणि दारातली रांग लांबत जाते. लिनियर अ‍ॅक्सिलरेटर (विजेवर किरण तयार करणारे शेकाचे मशीन) घ्यायचा तर आधी जाड काँक्रीटचा बंकर लागतो, अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, आणि मेडिकल फिजिसिस्ट (किरणांची मात्रा मोजणारे तज्ज्ञ) व तंत्रज्ञ लागतात, तेही कायमस्वरूपी, अकरा महिन्यांच्या करारावर नव्हेत. मशीन एकच असेल तर ते बंद पडलेल्या दिवशी सगळे रुग्ण परत जातात. म्हणून दोन मशीन आणि दुरुस्तीचा करार पहिल्या दिवसापासून हवा. पॅथॉलॉजी, सर्जरी, केमो, शेक आणि वेदनाशमन एकाच आवारात हवे. शेवटच्या दुखण्यात मॉर्फिनची गोळी मिळावी म्हणून नातेवाइकांना गावभर फिरावे लागू नये.

आणि धर्मशाळा हवी. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत उपचार होतात, पण सहा-सात आठवडे रुग्णाबरोबर राहणाऱ्या बाईने झोपायचे कुठे? माझा भाऊ माझ्या घरी होता. त्याच्या शेजारच्या पलंगावरच्या आजोबांची सून रुग्णालयाच्या पायरीवर बसून, नाकातल्या नळीतून सिरिंजने त्यांना गाळलेली पेज भरवायची. हळूहळू, दहा-दहा मिली. मधेच सिरिंज वर धरून थांबायची, त्यांना ठसका लागू नये म्हणून. रात्री तिथेच पोते अंथरून निजायची.

एक मागणी विशेष आग्रहाने करते. तुकडा काढल्यापासून पहिला उपचार सुरू होईपर्यंत सरासरी किती दिवस लागले, हा आकडा केंद्राच्या दारावर दर महिन्याला लावा. किती खाटा, किती कोटी, हे आम्हाला नंतर सांगा.

शेकाच्या वेळी चेहरा हलू नये म्हणून भावाच्या तोंडावर जाळीदार प्लास्टिकचा मुखवटा बसवायचे. 33 शेक पूर्ण झाले, आणि चैत्रात तो गेला. मुखवटा माझ्याकडे आहे. हिवाळी अधिवेशनाला आपण नागपुरात याल, तेव्हा एक सकाळ द्या. सातला मेडिकलच्या ओपीडीसमोर या, सोबत फार माणसे आणू नका. वडशाच्या आणि अहेरीच्या गाड्यांतून उतरलेले लोक त्या वेळी फाइलींच्या पिशव्या घेऊन रांगेत उभे असतात. मी तिथे असेन.

कळावे,
आपली नम्र,
हनुमाननगर, नागपूर येथील एक बहीण