भुतांच्या पुस्तकांवर किती वर्षांचं लेबल?

प्रिय वश्या,

तुझी दोन पत्रं माझ्याकडे अनुत्तरित पडून आहेत. शिव्या भेटल्यावर घाल. तब्येत ठीक, गुडघा आहे तिथेच आहे.

हे तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यात अर्थ नाही. वाचनालयाच्या कार्यकारिणीने ठराव केलाय: बालविभागातल्या प्रत्येक भीतीदायक पुस्तकावर वयाचं लेबल लावायचं, दिवाळीच्या सुट्टीत दाखवायच्या सिनेमांनाही तसंच, आणि यादी मी करायची. हस. पोटभर हसून झालं की पुढे वाच.

निमित्त एका आईच्या तक्रारीचं. तिसरीतल्या मुलीने चेटकिणीच्या गोष्टी नेल्या आणि रात्री किंचाळत उठली. मी विचारलं, किती वाजता? झोपल्यावर तासाभरात. सकाळी काही आठवत होतं? काहीच नाही, उलट तेच पुस्तक पुन्हा मागत होती! वश्या, वाईट स्वप्न सहसा उत्तररात्री पडतं, आणि मूल जागं होऊन ते सांगतं. झोपल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत किंचाळणारं, डोळे उघडे असून आपल्याला न ओळखणारं, सकाळी सगळं विसरलेलं मूल गाढ झोपेतून अर्धवट उठलेलं असतं. ताप, अपुरी झोप, दमणूक एवढ्यानेही ते होतं. अशा वेळी त्याला गदागदा हलवून उठवू नये, पडणार-आपटणार नाही एवढं बघत शेजारी बसावं. चेटकीण बहुधा निर्दोष आहे. पण हे सभेत सांगायला उभा राहिलो तर चिटणीस म्हणतील, 'विषयाला धरून बोला.'

लेबल लावायला माझी ना नाही. नुसता आकडा लावायला आहे. तीन ते सहा-सात वर्षांचं मूल दिसण्याला भितं: दात, डोळे, विद्रूप चेहरा, अचानक आलेला आवाज, आणि सगळ्यात जास्त म्हणजे ओळखीचा माणूस डोळ्यांदेखत बदलणं. अमेरिकेत 'हल्क' मालिकेवर अभ्यास झाला, त्यात लहानग्यांची गाळण उडाली ती भला माणूस हिरवा राक्षस होताना. तो राक्षस मदतीला धावतो, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. आठ-नऊच्या पुढे भीती घडण्याकडे सरकते: चोर, आग, अपघात, आई-बाबांना काही झालं तर. १९८३ साली तिकडे टीव्हीवर अणुयुद्धाचा सिनेमा लागला, तेव्हा मोठी काळजी लहान मुलांची होती. प्रत्यक्षात हादरली ती मोठी मुलं, कारण त्यांना अर्थ कळत होता. आता सांग, '८+' चिकटवून मी कुणाला वाचवणार आणि कुणाला फसवणार?

चिटणिसांना सेन्सॉरसारखं हवंय. मी म्हटलं, २०२३ च्या दुरुस्तीने त्यांनीही यूए प्रमाणपत्राचे सात, तेरा, सोळा वर्षं असे तीन भाग केले, पण ती पालकांसाठी सूचना आहे. दारातच अडवायचं ते फक्त 'ए'ला, म्हणजे निव्वळ प्रौढांच्या सिनेमाला. (तू 'तुंबाड' सुचवणार हे माहीत आहे. 'ए' आहे तो. गप्प बस.)

वर कुणीतरी सुचवलं, रत्नाकर मतकरींची सगळी पुस्तकं '१२+' करा! म्हणजे 'अलबत्या गलबत्या'मधली चिंची चेटकीण आणि त्यांच्या गूढकथा एकाच कपाटात. लेखकाच्या नावावरून भीती मोजणारी ही माणसं.

आणि हो, तुझं-माझं जुनं भांडण या निमित्ताने मी जिंकलोय. भयकथा लिहिणारे नारायण धारप मतकरींपेक्षा जास्त घाबरवतात असं तू म्हणत आलास. पण धारपांच्या समर्थकथांत संकट बाहेरून येतं आणि त्याला पुरून उरणारा माणूस, म्हणजे समर्थ हा नायक, गोष्टीतच असतो. मतकरींचं भय आपल्यासारख्याच घरात, चहा होता होता उगवतं आणि पुष्कळदा कुणी निस्तरत नाही. म्हणून तेरा-चौदाच्या वाचकाला आधी समर्थकथा द्यायच्या, मतकरींच्या गूढकथा त्यानंतर. तुझा आक्षेप असेल तर लेखी पाठव.

माझ्या मते लेबलवर चार गोष्टी हव्यात: भीती कशाची आहे (रूप, दचका, ताटातूट, मरण), चित्रं किती भयंकर, असं खरोखर घडू शकतं का, आणि शेवटी संकट मिटतं का. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात. अर्ध्यावर पळालेलं मूल न हरलेला राक्षस घरी घेऊन जातं. पुस्तक मिटलं तरी चालेल, पण पुढे काय झालं, कोण जिंकलं, हे दोन वाक्यांत सांगूनच मिटायचं. तीन-चार वर्षांच्यांना 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक'हून चांगलं काय देणार? वाघ आहे, खाण्याची धमकी आहे, पण म्हातारी ती पुढे ढकलते आणि भोपळ्याची ओळ मूल स्वतःच म्हणतं, म्हणजे लगाम त्याच्या हातात. वाचणाऱ्याने मात्र वाघाचा आवाज जपून काढावा. पहिल्यांदा हळू, मूल 'अजून मोठ्याने' म्हणालं तर वाढवावा.

काउंटरवरची रीत मी अशी ठरवलीय. सगळ्यात भयंकर पान आधी उघडून मुलाला दाखवायचं, भर दुपारी. मूल मागे सरून पुन्हा डोकावलं तर पुस्तक घरी जाऊ दे. गप्प झालं, अंग ताठ केलं, कानांवर हात नेले, एकदम शू लागली, तर आज नको. 'घाबरलास?' असं विचारायचं नाही, मुलगे हटकून नाही म्हणतात. दुसऱ्या दिवशी मूल चेटकीण-चेटकीण खेळत असेल तर गोष्ट पचली. रोज रात्री तोच प्रश्न विचारत असेल तर नाही. 'खोटं असतं रे ते' हा उपाय सात-आठच्या पुढच्यांना. धाकट्याला मांडी, पाणी, दिवा, आणि सकाळी राक्षसाचं चित्र काढून त्याला मिशा.

सिनेमाचं वेगळं. पुस्तकात मूल आपल्याला झेपेल एवढाच राक्षस मनात उभा करतं आणि पान हवं तेव्हा मिटतं. पडद्यावर दोन्ही नाही. निम्मी भीती तर आवाजात असते. एखादा प्रसंग आवाज बंद करून बघ, भूत बिचारं लग्नाच्या व्हिडिओतल्या काकांसारखं हात हलवत असतं. म्हणून खेळ संध्याकाळी पाचला, मागचे दिवे चालू, आवाज कमी, दार उघडं, आणि मोठ्या माणसाने सिनेमा आधी पाहिलेला. धाकट्या भावंडांना वेगळ्या खोलीत वेगळा कार्यक्रम. लेबल नीट लावूनही घोळ होतो तो त्यांच्याच बाबतीत: दादासाठी आणलेलं, कडेवरच्याने पाहिलेलं.

तुझ्याकडे काय? मनूचा साखरपुडा ठरला म्हणे, अभिनंदन. फ्लॅटचं लफडं मिटलं का? वहिनींना नमस्कार.

सभा येत्या रविवारी आहे. त्याआधी एक सांग: लेबल लावलेली पुस्तकं उघड्या कपाटात ठेवू की काउंटरमागे? मागे ठेवली तर चौथीची सगळी पलटण तीच मागायला येईल, आणि उघडी ठेवली तर चिटणीस माझ्या मागे लागतील. मी उघड्या कपाटाच्या बाजूने आहे.

तुझा,
दिग्या