कोकणातल्या बोटीबद्दल

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

दिवाळीनंतर कोकणात जायचं म्हणताय, तर बोटीचं आत्ताच लिहिते. बोट निवडताना देखावा नंतर, चढ-उतार आधी बघायची. जंजिरा बघाच असं चार जण सांगतील. तो किनाऱ्यावरूनच बघा. किल्ल्याच्या दाराशी होडी लाटेवर वरखाली होत असते आणि ती वर आली की त्याच क्षणी पायरीवर पाय टाकावा लागतो. आईच्या गुडघ्यांचं ते काम नाही. डॉल्फिन दाखवणाऱ्या लहान होड्याही नकोत. पुढच्या टोकाला बसलं तर प्रत्येक लाटेला कंबर आपटते.

तुमच्यासाठी जयगड-तवसाळ फेरीबोट बरी. भुसावळ-जळगावहून मंगला एक्सप्रेस थेट रत्नागिरीला जाते. तिथून गाडी करून गणपतीपुळे, मग जयगड. गाडीसकट बोटीवर चढायचं, शास्त्री नदीची खाडी ओलांडायची. पलीकडे हेदवी, गुहागर. गाडी थांबून हँडब्रेक लागल्याशिवाय उतरू नका. वरच्या बाकांकडे जाणारा जिना उभा असतो, तो सोडाच. काच खाली ठेवून गाडीतूनही समुद्र दिसतो.

दिवस तिथी बघून ठरवा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते: अष्टमीला सहा, म्हणजे सकाळी आठला पाणी अजून पुरेसं असतं आणि वाराही उठलेला नसतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. तेव्हा सकाळी पाणी फार खाली जातं, धक्क्याचा उतार शेवाळासकट उघडा पडतो. बाबा, चपला नकोत, पट्ट्याच्या सँडल घाला. दुपारनंतर वारा वाढतो, तेव्हाची फेरी टाळा. बंदरावर वादळी वाऱ्याचा इशारा देणारा तीन नंबरचा बावटा असेल तर त्या दिवशी बोट नाहीच.

कुठे लहान होडीत बसायची वेळ आलीच तर मागे, मध्यावर बसा. लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे लावून खांद्याशी वर ओढून बघा. कानापर्यंत येत असेल तर ते मोठं आहे, बदलून मागा.

आदल्या रात्री शेवभाजी नको. सकाळी कोरडी भाकरी किंवा दोन बिस्किटं पुरे, पण अगदी उपाशीही निघू नका, मळमळ वाढते. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारूनच. त्या गोळीने झोप येते आणि बाबांच्या प्रोस्टेटला ती चालेल का, हे त्यांनाच ठरवू दे.

तिकिटं मी काढते. मार्गशीर्षातली अष्टमी कोणत्या वारी येते तेवढं कॅलेंडरात बघून कळवा.

तुमची,
ताई