सहीखालचा नंबर

दौलतगंज, लष्कर, ग्वाल्हेर
१३ जानेवारी

तीर्थरूप बाबा व आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवरचं बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहायला बसले आहे. इथं चार दिवस ऊन पडलेलं नाही. सकाळी दहापर्यंत कोहरा, शाळांना सुट्टी, मुलं दिवसभर रजईत. दादाचा मित्र शनिवारी पुण्याला निघतोय, त्याच्याजवळ मुरैन्याची गजक देते. बाबा, तुम्ही एकच तुकडा खायचा. त्याच पिशवीत आईचा जुना एक्स-रे आहे. त्याबद्दल शेवटी नीट लिहिते, पण आधीच सांगते की मला त्यात काळजीचं काही वाटत नाही. आई, तू रात्री स्वस्थ झोप.

आता मामाचा विषय.

मामाने तुम्हाला सांगितलं ते सगळं खरं आहे. त्याच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी आपल्याच जिल्ह्यात नवं सोनोग्राफी सेंटर काढलंय. मशीन चांगलं आहे, जागा हमरस्त्यावर आहे. त्यांना माझं एम.डी.चं सर्टिफिकेट भिंतीवर लावायला हवं होतं आणि रजिस्ट्रेशन माझ्या नावावर. महिन्याला साठ हजार, आठवड्यातून एक चक्कर, आणि कोऱ्या लेटरहेडवर आगाऊ सह्या. रोजचं काम त्यांच्याकडचा एक मुलगा करणार होता. त्याचा हात फार सफाईदार आहे, तुम्ही निश्चिंत राहा, असं त्यांनी मला सांगितलं.

मी नाही म्हटलं. मामाला राग आला. आई, माहेरच्या माणसाचा शब्द मी मोडला याचं तुला वाईट वाटलं, ते मला समजतं. पण बाबा, तुम्ही "पुन्हा एकदा विचार कर" म्हणालात तेव्हा मला पुढे बोलताच आलं नाही. माडीचं छत गळतंय, माझ्या मशीनचा हप्ता चालू आहे, ते सगळं तुमच्या मनात असणार. तरी ते शब्द तुमच्या तोंडून येतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

झाशी रोडवरच्या महालेखाकार कार्यालयात तुम्ही बत्तीस वर्षं काढलीत. माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करण्याआधी प्रत्येक आकड्यापुढे तुम्ही पेन्सिलीने बारीक टिक करायचात आणि बेरीज स्वतः करून बघायचात. दूधवाल्याच्या हिशेबालाही तीच टिक. पाचवीच्या सहामाहीला बाईंनी बेरजेत मला सहा गुण जास्त दिले होते. ते तुम्ही शोधून काढलेत आणि दुसऱ्या दिवशी मला पुस्तक घेऊन परत पाठवलंत. मी रडत गेले. दुसरा नंबर होता, तो चौथा झाला. तेव्हा तुमचा फार राग आला होता. तीच टिक आज रोज माझ्या कामात आहे, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आपल्याकडे अजूनही मला "फोटो काढणारी डॉक्टर" समजतात. मागे लग्नात आत्याबाईंनीही तेच विचारलं, की फोटो तर मशीन काढतं, मग तू काय करतेस? एक्स-रे तंत्रज्ञ काढतो, सी.टी. आणि एम.आर.आय.ही तोच करतो. सोनोग्राफी मात्र डॉक्टरने स्वतःच्या हाताने करायची असते. आणि काढलेल्या प्रत्येक चित्राचा अर्थ लावून तो लिहायचा, त्याखाली सही करायची, हे रेडिओलॉजिस्टचं काम. गजराराजा मेडिकल कॉलेजातली इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षं आणि मग इंदूरची एम.डी.ची तीन वर्षं, ती याच्यासाठी. बाबा, तुम्हाला आवडेल असं एक सांगते. सी.टी.तल्या प्रत्येक ठिपक्याला आकडा असतो. पाण्याचा शून्य, हवेचा उणे हजार, चरबीचा उणे शंभरच्या आसपास, मेंदूत नुकतंच साकळलेल्या रक्ताचा साठ-सत्तर. डोळ्यांना सगळं करडंच दिसतं, आकडा लावून बघितला की फरक कळतो.

पण आकडेही पुरत नाहीत. मागच्या पावसाळ्यात घाटीगावकडचा एक माणूस छातीच्या एक्स-रेसाठी आला होता. चाळिशीचा, पण दोन जिने चढून धापा टाकत बसलेला. क्षयाची औषधं दोनदा पूर्ण घेऊन झाली होती, थुंकीत जंतू एकदाही सापडले नव्हते, आणि आता तिसऱ्यांदा सुरू करायची होती. फिल्मवर दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात मोहरीसारखे बारीक गोल ठिपके होते. क्षयातही वरचाच भाग धरला जातो, त्यामुळे घाईत बघणारा "क्षय" लिहून मोकळा होईल. पण फुप्फुसांच्या मुळाजवळच्या गाठींना कडेने चुन्याची पातळ रेघ होती, अंड्याच्या टरफलासारखी. मी उठून बाहेर गेले आणि त्याला विचारलं, भैया, काम क्या करते हो? दगडाच्या खाणीत, अठरा वर्षं. तोंडाला गमछा, दुसरं काही नाही. ती सिलिकोसिस होती. दगडाची धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि तिथं व्रण धरतात. ती बरी होत नाही, आणि अशा माणसाला क्षयही लवकर होतो, म्हणून दोन्ही शक्यता लिहून मी त्याला छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. निदान धूळ तरी सुटली. आठवड्यातून एक चक्कर मारणाऱ्या बाईने त्याला हा प्रश्न कधी विचारला असता? कोऱ्या कागदावरची सही तर कुणाला काहीच विचारत नाही.

आता जे तुम्हाला कधीच सांगितलं नाही ते लिहिते.

एम.डी. झाल्यावर पहिल्या वर्षी मी एका ठिकाणी नोकरी करत होते. संध्याकाळी पोटाचा सी.टी. आला, बाई पंचावन्नच्या, उजव्या कुशीत कळ. मूत्रनलिकेत खडा लगेच दिसला, सहा मिलिमीटरचा. मी तो मोजला, लिहिलं, सही केली, पुढची केस घेतली. पोटाच्या सी.टी.त वरच्या टोकाला फुप्फुसांचा तळ थोडा येतो. तिथं डाव्या बाजूला एक गाठ होती आणि मी तिथवर पोचलेच नाही. हवं ते सापडलं की नजर शोधणं थांबवते. आमच्या शास्त्रात या चुकीला नावही आहे, "सॅटिसफॅक्शन ऑफ सर्च". चार महिन्यांनी त्यांच्या डॉक्टरांनी दुसरा सी.टी. काढला तेव्हा ती दिसली. त्यांनी जुना रिपोर्ट काढला, खालचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर वाचला आणि मला फोन केला. मी गेले. माझ्या जुन्या रिपोर्टला पुरवणी जोडली, त्यात गाठ पहिल्या तपासणीतही दिसत होती असं स्वच्छ लिहिलं आणि त्या बाईंना भेटून तोंडाने सांगितलं. त्यांच्या मुलाने मला जे सुनावलं ते योग्यच होतं. ऑपरेशन झालं, त्या आज बऱ्या आहेत. पण चार महिने ती गाठ माझ्या सहीखाली वाढत होती. त्या दिवाळीला मी घरी आले नव्हते, ड्यूटी आहे असं कळवलं होतं. ड्यूटी नव्हती.

त्यानंतर मी टिक सुरू केली. कागदावर खरोखरची पेन्सिलीची टिक, बाबा. यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, प्लीहा, दोन्ही मूत्रपिंडं, आतडी, हाडं, फुप्फुसांचा तळ. खडा पहिल्या क्षणी दिसला तरी त्याच्याकडे शेवटी जाते. सगळ्या टिका झाल्याशिवाय सही नाही. रोजच्या केसेस त्यामुळे कमी होतात, तुम्हाला दिसणारी पैशाची ओढाताण काही अंशी त्यामुळेच आहे.

माझ्या सहीखाली मेडिकल कौन्सिलचा जो नंबर छापलेला असतो, त्यावरून त्या डॉक्टरांनी मला शोधलं. कोऱ्या कागदावर सही दिली असती, तर नंबर माझा आणि चूक कुणाची? त्या मुलाला कुणी शोधायचं?

आणि हे सेंटर सोनोग्राफीचं आहे. गर्भलिंग तपासणीला बंदी घालणारा १९९४ चा कायदा तुम्हाला ठाऊक आहे. २०१२ पासून त्याचा नियम असा आहे की एका डॉक्टरला एका जिल्ह्यात फार तर दोन ठिकाणी काम करता येतं आणि तिथल्या वेळाही कळवाव्या लागतात. त्यांनी नेमकं याच कारणाने मला गाठलं, कारण माझं एकच ठिकाण आहे, दुसरी जागा रिकामी. प्रत्येक गरोदर बाईचा "फॉर्म एफ" भरावा लागतो. त्यात डॉक्टर लिहून देते की गर्भाचं लिंग मी शोधलं नाही आणि कुणाला कसल्याही प्रकारे सांगितलं नाही. ते मी न बघितलेल्या बाईबद्दल लिहून देऊ? फॉर्म अर्धवट राहिला तर ती कारकुनी चूक म्हणून सोडता येणार नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, आणि कौन्सिलच्या यादीतून नाव पाच वर्षांसाठी जातं.

शिक्षेची भीती मला आहे, पण नाही म्हणण्याचं खरं कारण दुसरं आहे. २०११ च्या जनगणनेत मुरैना, भिंड आणि आपलं ग्वाल्हेर, तिन्ही जिल्ह्यांत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे साडेआठशेसुद्धा मुली नव्हत्या. माझ्या खोलीत आजही सासवा विचारतात. कुणी सरळ विचारतं, कुणी "पेढे की जलेबी" असं आडून. मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवते आणि सुनेकडे बघून बाळाचे ठोके ऐकवते. माझ्या नावाच्या बंद दाराआड तो मुलगा काय सांगेल ते मला दिसणार नाही. तिथं एक मुलगी जरी कमी झाली, तरी भिंतीवर नाव माझं असेल. मामाला माझ्याकडून एवढंच सांगा. त्याचा माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही, मी तिथं नसेन असं म्हणते आहे. मामाला मी स्वतःही संक्रांतीला फोन करणार आहे.

आई, तू दर वेळी "त्या किरणांचं काय" म्हणून विचारतेस. सोनोग्राफीत आणि एम.आर.आय.मध्ये तशी किरणं नसतातच. एक्स-रेच्या वेळी मी भिंतीपलीकडे असते. छातीला जो छोटा बिल्ला असतो तो दर तीन महिन्यांनी तपासायला जातो आणि किती किरणं लागली त्याचा आकडा येतो. आमच्यासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (हे किरणांचं माप) आहे. माझा आकडा शून्याच्या जवळच असतो. आणि तुझा छातीचा एक एक्स-रे म्हणजे जमिनीतून, आकाशातून आपल्याला तशीही दहा-एक दिवसांत लागतात तेवढी किरणं. ती धास्ती सोड.

आता तुझा पुण्यातला नवा एक्स-रे. खोकल्यासाठी काढला, उजवीकडे वर डाग दिसला आणि तिथल्या डॉक्टरांनी सी.टी. सांगितला, तो सल्ला योग्यच आहे, कारण त्यांच्यासमोर जुनं काही नाही. दादाने मोबाइलवर फोटो पाठवला त्या रात्री मी माळ्यावर चढले. बाबांची "वैद्यकीय" लिहिलेली पत्र्याची पेटी तशीच आहे. २०१३ मध्ये तुझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी काढलेली फिल्म पाकिटात, वर पेन्सिलीने तारीख आणि अनुक्रमांक १७. सकाळी कोहरा उठेपर्यंत थांबले आणि खिडकीशी धरून बघितली. तोच डाग, त्याच दोन बरगड्यांच्या मध्ये, पांढराशुभ्र, चुना धरलेला. इतक्या वर्षांत तो वाढलेला दिसत नाही. लहानपणी नकळत होऊन गेलेल्या क्षयाची असली खूण आपल्याकडे पुष्कळांच्या छातीत असते.

हे मी तुला लेक म्हणून सांगते आहे. मोबाइलच्या फोटोवर मोजमाप होत नाही, म्हणून लेखी मत मी देणार नाही, दादाला राग आला तरी. तिथल्या रेडिओलॉजिस्टना दोन्ही फिल्म शेजारी ठेवून बघायला सांगा आणि तुलना त्यांच्याच रिपोर्टमध्ये लिहून घ्या. त्यानंतरही त्यांनी सी.टी. हवा म्हटलं, तर काढा.

फिल्म दुमडू नका, उन्हात ठेवू नका. आणि बाबा, येताना ती आठवणीने परत आणा. पेटीत सोळा आणि अठराच्या मध्ये मी एक कोरा कागद घालून ठेवला आहे.

तुमची लेक