मेडिक्लेमचे कागद मेलला जोडताना

ती. आई-बाबा,
सा. न.

मेडिक्लेमचे कागद मेलनेच मागवलेत, म्हणून ते कसे जोडायचे ते सविस्तर लिहिते. दोघांचेही फोन अँड्रॉइड आहेत, तेव्हा सगळं त्याच हिशोबाने आहे.

आधी जीमेल उघडायचं, क्लिपचं चिन्ह दाबायचं आणि मग फाईल शोधत बसायचं, ही सगळ्यांचीच सवय. घोळ होतो तो तिथेच. व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ तिथे बऱ्याचदा सापडत नाही, कारण व्हॉट्सॲप ती 'डाउनलोड्स'मध्ये न ठेवता स्वतःच्या फोल्डरात ठेवतं. त्यापेक्षा फाईल जिथे आहे तिथूनच निघा. चॅटमधली पीडीएफ एकदा उघडून उतरवून घ्या. मग तिच्यावर बोट दाबून धरा, वरचे तीन ठिपके, 'शेअर', आणि जीमेल. शेजारचा बाण दाबू नका, त्याने ती व्हॉट्सॲपवरच दुसऱ्या कुणाला तरी जाते.

बिलं आणि डिस्चार्ज कार्ड कागदावर आहेत. त्यांचे सुटे फोटो पाठवू नका. एकेक फोटो सहज 3-4 एमबीचा असतो, आणि पलीकडचा माणूस कुठलं पान आधी नि कुठलं नंतर हे जुळवत बसतो. ड्राइव्ह ॲपमध्ये खाली उजवीकडे स्कॅनची सोय आहे. आई, कागद खिडकीपाशी गडद चादरीवर ठेव, म्हणजे कडा आपोआप ओळखल्या जातात; पांढऱ्या टेबलावर हमखास चुकतात. एक पान झालं की अधिकचं चिन्ह दाबून पुढचं, असं सगळं एकाच पीडीएफमध्ये घे. सेव्ह करताना नाव इंग्रजीत आणि कळेल असं दे, नुसती तारीख नको.

आता नीट लक्ष द्या. ड्राइव्हमध्ये फाईलपुढचे तीन ठिपके दाबले की 'शेअर' आणि 'सेंड अ कॉपी' असे दोन वेगळे पर्याय दिसतात. आपल्याला दुसरा हवा. 'शेअर'ने फाईल जात नाही, फक्त लिंक जाते, आणि परवानगी दिलेली नसेल तर समोरच्याला ती उघडत नाही. ऑफिसातला माणूस परवानगी मागत बसत नाही, सरळ 'कागद मिळाले नाहीत' म्हणून कळवतो.

जीमेलची मर्यादा 25 एमबी. त्याच्या वर गेलं की तेही लिंकच पाठवतं. शिवाय मेलमधून जाताना फाईल जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने फुगते आणि काही ऑफिसांची मर्यादा आणखी कमी असते. म्हणून एका मेलमध्ये 10 एमबीच्या आत राहा, जास्त असेल तर दोन मेल करा आणि विषयात '1/2', '2/2' लिहा.

बाबा, डाउनलोड केलेल्या ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो: नावाची पहिली 4 इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. तो कळवला नाही तर तिकडे फाईल उघडत नाही. चालत असेल तिथे मास्क्ड आधारच द्या, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात.

पाठवल्यावर लगेच फोन बंद करू नका. नेट मंद असलं की मेल 'आउटबॉक्स'मध्ये अडकून राहतो. 'सेंट'मध्ये जाऊन तोच मेल उघडा आणि जोडलेली फाईल उघडून शेवटच्या पानापर्यंत बघा. कागदाची मूळ प्रत मात्र क्लेमचे पैसे खात्यात येईपर्यंत फाईलमधून काढू नका.

तुमची,
मनू