आधी पत्र वाचा, मग खोकं उघडा

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, दोरी कापायला घेतली असेल तर थांबा. आधी हे वाचा.

दिवाळीला मी येत नाही. तिकीट रद्द केलंय, त्यामुळे आई, ‘बघ ना जमतंय का’ असं फोनवर म्हणू नकोस, माझं काही खरं नाही मग. सुट्टी दोनच दिवस, पाडव्यानंतर लगेच छोटीची परीक्षा, त्यात ह्यांची रात्रपाळी... असू दे. कारणं मोजायला लागले की माझी मलाच पटेनाशी होतात.

खोक्यात फोनो आहे, म्हणजे किल्लीचा ग्रामोफोन. एचएमव्हीचा, पेटीतला, मॉडेल १०२. भोंग्याचा मुद्दाम घेतला नाही. चोरबाजारात नवा पितळी भोंगा जुन्या पेटीवर बसवून ‘अँटिक’ म्हणून खपवतात. दिसायला झकास, आवाज डब्यातला. किंमत विचारायची नाही.

तळाशी आईच्याच जुन्या साडीत एक रेकॉर्ड गुंडाळली आहे. अब्दुल करीम खाँसाहेब, ‘पिया बिन नाही आवत चैन’. हो, तीच. सहा वर्षांची होते, कॉटवर उडी मारली आणि गोधडीखाली कट्‌कन आवाज आला. लाखेची ती, वाकते थोडीच! तुम्ही तुकडे गोळा केलेत आणि एवढंच विचारलंत, ‘लागलं नाही ना?’ नंतर दुसरी शोधायला मिरजेपर्यंत जाऊन हात हलवत आलात, हे आईनं मला लग्नानंतर सांगितलं.

केसरबाई केरकरांची मात्र मिळाली नाही. त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अवकाशात गेली, पण मंगळवार पेठेत पाठवायला कुणी विकायला तयार नाही.

आता नीट ऐका. किल्ली आईनं द्यायची, बाबांच्या खांद्याला ताण नको. जड लागली की थांब गं, पिळत बसू नकोस. दर बाजूला पिन नवी. डबीत २०० आहेत. तुम्ही काटकसर करून एकच आठवडाभर चालवाल, माहितीय मला, पण झिजलेली पिन रेकॉर्डच खाते. पुसायला कोरडं मऊ फडकं. स्पिरिट अजिबात नाही, लाख विरघळते. दादाच्या एलपी, त्या प्लास्टिकच्या रेकॉर्ड, ह्यावर लावायच्या नाहीत, एका फेरीत चरे पडतील.

एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. रात्रीची गोळी आणि कोमट पाणी तेवढ्यात होतं. आई, तूही बस तेवढा वेळ, गॅसवर काही ठेवून नको. चकलीची भाजणी यंदा विकतची आण, कुणी नावं ठेवणार नाही. ठेवली तर माझं नाव सांग. आणि पहाटे रंकाळ्यावर जाताना कानटोपी.

पहिल्या अंघोळीनंतर लावा आणि फोन शेजारी धरा. खरखर होईल, होऊ दे. मी इकडे उटणं लावून, ओल्या केसांनी बसलेली असेन.

तुमची,
बेबी