पाटीवरचा अपॉस्ट्रॉफी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

सांगलीच्या गणपती पेठेतून जाताना दुकानांच्या पाट्यांवरील इंग्रजी तपासण्याची सवय मला, निवृत्त इंग्रजी शिक्षक असल्याने, काही केल्या सुटत नाही. साध्या अनेकवचनी 'सारीज'मध्येही शेवटच्या 'एस'आधी अपॉस्ट्रॉफी, म्हणजे वरच्या बाजूचा स्वल्पविराम, टांगलेला दिसतो; वास्तविक ते चिन्ह मालकी दाखवते किंवा गाळलेल्या अक्षराची जागा राखते, अनेकवचनाशी त्याचा संबंध नाही. 'इट्स'ची गंमत उलटी आहे: मालकीचा अर्थ असताना तेथे चिन्ह नको, 'इट इज'चे संक्षिप्त रूप असताना मात्र हवे, आणि या घोळात फळ्यावर एकदा माझाही हात चुकला होता.

परवा हळदीच्या एका बिलावर आकड्याआधी 'आरएस' हे रुपयांचे इंग्रजी लघुरूप आणि रुपयाचे चिन्ह अशी दोन्ही पाहिली. देवनागरी 'र' व रोमन 'आर' यांच्या मिलाफातून उदय कुमार यांनी रेखाटलेले हे चिन्ह केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. ते असताना 'आरएस' कशाला? अक्षरी रकमेपुढचे 'ओन्ली' मात्र खुशाल राहू द्यावे, कारण तेथे मागाहून कोणी काही वाढवू नये, एवढाच त्याचा व्यवहारी हेतू आहे.

पाट्या रंगवणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मजकूर मालकच लिहून देतात.

– एक निवृत्त शिक्षक, विश्रामबाग, सांगली