पंपाच्या तेलाला पैसे कोण देणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विद्यापीठांतल्या नव्या उपकरणांच्या बातम्या वाचतो. मी एका विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातून तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालो. प्लाझ्मा म्हणजे विजेने इलेक्ट्रॉन सुटे केलेला वायू; त्याच्या प्रयोगशाळेतले, बंद कक्षातली हवा उपसणारे निर्वात पंप माझ्याकडे असत.

पेशी वाढवायच्या पॉलिस्टायरीनच्या बशा मुळात पाणी झटकणाऱ्या, पेशी त्यांना धड चिकटत नाहीत. कमी दाबाच्या प्लाझ्मात थोडा वेळ ठेवल्या की पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट बसतात आणि पाण्याचा थेंब पसरतो. इलेक्ट्रॉन प्रचंड तापलेले, वायू मात्र जेमतेम कोमट, म्हणून प्लास्टिक वितळत नाही. सेन्सरच्या चिपसाठीचे सिलिकॉन रबर तर भलतेच लहरी: प्लाझ्मातून काढल्यावर लगेच काचेला जोडा, नाहीतर ते हळूहळू पूर्वपदावर येते.

हे सारे पंपावर अवलंबून. तेलाची वाफ उलटी कक्षात शिरली तर नमुन्यावर न दिसणारा थर बसतो, आणि बिचारा विद्यार्थी आपल्याच आकडेमोडीत चूक शोधत बसतो. शुद्ध ऑक्सिजन वापरायचा तर साधे खनिज तेल धोक्याचे, पेट घेऊ शकते. फ्लोरिनयुक्त तेल लागते, ते महाग, आणि त्या बिलावर लेखा विभागाची हरकत ठरलेली. यंत्राची फीत कापायला मात्र सगळे हजर!

उपकरण मंजूर करतानाच पाच वर्षांचे तेल, सील आणि तंत्रज्ञाचा पगार त्यात धरावा. माझी जागा अजून रिकामीच आहे.

– एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, मिरज